गोबरगॅसची शेगडी का पेटत नाही : एक कारणमीमांसा

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या हिंगणीहून बोरधरणाकडे निघालं की थोड्याच वेळात रस्ता जंगलाला भिडतो. १९७० साली अभयारण्य आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झालेलं बोरचं हे जंगल आकारानं लहान, सुमारे १३८ चौरस किलोमीटरचं. त्याच्या कडेला राहणाऱ्या घरात गोबरगॅसची शेगडी बंद पडली की चूल पेटते. चुलीला लाकूड लागतं आणि त्या लाकडासाठी घरातलं कुणीतरी, बहुतेक वेळा बाई, वाघाच्या वाटेवर जाते. म्हणून शेगडी न पेटणं ही किरकोळ तक्रार आहे असं मी मानत नाही. या बिघाडाचं निदान शिस्तीनं, जवळजवळ बिनखर्चात आणि घरच्या घरी करता येतं.

नेहमी होतं ते असं. शेगडी पेटली नाही की आधी शेगडीच खोलली जाते. बर्नर घासला जातो, जेटमध्ये तार घातली जाते, काड्यांची अर्धी पेटी संपते. तरी ज्योत आली नाही की ‘गोबरगॅस बसला’ असा निकाल लागतो, आणि धडधाकट संयंत्र पुढे वर्षानुवर्षं उकिरड्यासारखं पडून राहतं. चूक पहिल्या पावलातच असते. बिघाड शेगडीवर दिसतो म्हणून तो शेगडीत आहे असं धरलं जातं, आणि प्रत्यक्षात तो बहुधा दुसरीकडेच असतो.

‘पेटत नाही’ या एका लक्षणामागे तीन निरनिराळे अभाव असू शकतात. गॅस शेगडीपर्यंत पोचतच नसेल. पोचत असेल, पण त्यात जळण्याजोगा भाग पुरेसा नसेल. किंवा चांगला गॅस पोचत असूनही हवेशी त्याचा मेळ बसत नसेल. पहिल्याचं मूळ नळीत किंवा टाकीत, दुसऱ्याचं शेणकाल्यात, म्हणजे शेण-पाण्याच्या मिश्रणात, तिसऱ्याचं शेगडीत. या तिघांवरचे उपाय एकमेकांच्या काहीच उपयोगाचे नाहीत. काल्यात आम्लता वाढली असताना जेट साफ करणं व्यर्थ आहे आणि नळीत पाणी साचलं असताना शेणाचं प्रमाण बदलणं तितकंच व्यर्थ. तेव्हा आधी तिघांतला कोणता हे ठरवायचं, मगच पान्याला हात लावायचा.

काडी काय सांगते

पहिली परीक्षा नाकाची. न जळलेल्या गोबरगॅसला हायड्रोजन सल्फाइडमुळे सडक्या अंड्याचा वास असतो, जळलेल्याला नसतो. शेगडीचा कॉक उघडून वास आला तर गॅस पोचतो आहे, पहिला अभाव बहुतांशी बाद झाला. घरात आधीपासूनच वास भरलेला असेल तर मात्र काडी ओढायची नाही. दारं-खिडक्या उघडायच्या, संयंत्रावरचा मुख्य कॉक बंद करायचा आणि गळती साबणाच्या फेसानं शोधायची. ज्योत फिरवून गळती शोधण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे. ती प्राणघातक आहे. मिथेनचं हवेतलं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असलं की मिश्रण भडकतं, आणि हे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी परीक्षा काडीची. कॉक किंचितच उघडायचा आणि पेटती काडी बर्नरच्या भोकांशी धरायची. काडी शांतपणे जळत राहिली, वासही नाही, तर गॅस येतच नाही. मंद प्रवाहातही काडी विझली आणि वास मात्र आला, तर गॅस येतो पण त्यात कार्बन डायऑक्साइडचा भरणा आहे. मंद प्रवाहात ज्योत धरते, पण कॉक उघडत नेला की ती बर्नरवरून उचलली जाऊन विझते, तर गॅस ठीक आहे. हवा, दाब किंवा जेटचं गणित चुकलं आहे. आणि ज्योत धरते, खालीवर उड्या मारते, विझते, पुन्हा धरू पाहते, नळीतून गुडगुड ऐकू येते, तर नळीत पाणी आहे. यासाठी दोन-तीन काड्या पुरतात, पण त्या मंद प्रवाहातच धरायला हव्यात. कॉक पूर्ण उघडून काडी ओढणारा माणूस चांगल्या गॅसलाही फुंकर घालून विझवतो आणि गॅसलाच दोष देतो.

दहा सेंटिमीटर पाणी

आता दाबाकडे येऊ, कारण या विषयाचा गाभा माझ्या मते इथे आहे.

जशभाई पटेल यांनी विकसित केलेला तरंगत्या टाकीचा नमुना खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून देशभर नेला. त्यात काल्याच्या विहिरीवर लोखंडी टाकी पालथी तरंगते. खाली गॅस साठतो, टाकी वर उचलली जाते, आणि टाकीचं वजनच गॅसला शेगडीकडे ढकलतं. टाकीचा व्यास सव्वा मीटर असेल तर तिचं क्षेत्रफळ साधारण १.२३ चौरस मीटर भरतं. वजन १२३ किलोच्या आसपास असेल तर गॅसवर येणारा दाब होतो १० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर सुमारे ३० सेंटिमीटर पाण्याएवढा दाब देतो, म्हणजे याच्या तिप्पट. गोबरगॅसचं सगळं तंत्र या १० सेंटिमीटरांवर चालतं, आणि नळीतल्या १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्यानं ते पूर्ण बंद पडतं.

नळीत पाणी येतं कुठून? विहिरीतून निघणारा गॅस वाफेनं संपृक्त असतो. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १० अंशांच्या आसपास उतरतो. जमिनीतला काला मात्र रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असतो. २५ अंशांच्या एका घनमीटर वायूत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. १० अंशांना ती साडेनऊ ग्रॅमच मावते. उरलेली साडेतेरा ग्रॅम नळीच्या आतल्या भिंतीवर थेंब होऊन बसते. दिवसाला दोन घनमीटर गॅस देणाऱ्या संयंत्रातून थंडीच्या दिवसांत अशा रीतीनं रोज २७ ग्रॅमपर्यंत पाणी जमू शकतं. आतून २० मिलिमीटर व्यासाच्या नळीत मीटरभर लांबीत मावतं सुमारे ३१५ मिलिलिटर. गोठ्यापासून घरापर्यंत टाकलेली नळी मध्ये कुठे झोळ खात असेल आणि झोळाची शेगडीकडची चढण मीटरभर लांबीत १० सेंटिमीटर उंच असेल, तर बारा दिवसांत ती चढण पाण्यानं भरू शकते. तेराव्या दिवशी टाकी गॅसनं टम्म, शेगडी मात्र मुकी. घरातली माणसं म्हणतात, ‘टाकी तर वर आहे, मग गॅस का नाही येत?’ प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा असतो. उत्तर त्या झोळात असतं.

पाणी पुरतं भरण्याआधी अर्धवट भरतं. तेव्हा गॅस बुडबुड्यांनी वाट काढतो आणि ज्योत नाचते. म्हणजे शेगडी एका रात्रीत बंद पडत नाही, आठवडाभर आधीपासून कळवत असते. नळीला शंभराला एक या प्रमाणात सलग उतार देणं, सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवणं, आणि थंडीत दर आठवड्याला ती उघडून पाणी सोडणं, एवढ्यानं हिवाळ्यातल्या बऱ्याच तक्रारी उगवणारच नाहीत. तोटी नसेल तर मुख्य कॉक बंद करून, आजूबाजूला विस्तव नाही हे पाहून, नळी शेगडीकडून सोडवून झोळ उचलून पाणी ओतून द्यावं. बैलगाडीच्या चाकानं दबलेली किंवा उन्हानं वाकलेली प्लास्टिकची नळी पुन्हा पुन्हा झोळ धरते. ती बदललेली बरी.

हे सगळं अंदाजानं करायची गरज नाही. पारदर्शक प्लास्टिक नळीचा हातभर तुकडा इंग्रजी यू अक्षरासारखा फळीवर ठोकला, त्यात कुंकवाचं पाणी भरलं आणि मागे मोजपट्टी लावली की दाबमापक तयार. त्याचं एक टोक शेगडीजवळच्या गॅसनळीला जोडायचं, दुसरं उघडं ठेवायचं. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जितका फरक तितका दाब. वाचन दोनदा घ्यायचं: कॉक बंद असताना आणि बर्नर उघडा असताना. बंद असताना १० आणि उघडल्यावर ८-९ आला तर संयंत्र आणि नळी दोन्ही निर्दोष आहेत. आता शेगडी खोलायला हरकत नाही. बंद असताना १०, उघडल्यावर २, म्हणजे वाटेत अडथळा आहे. बंद असतानाही शून्याच्या आसपास, तर हेच माप संयंत्राच्या तोंडाशी घ्यायचं. तिथे १० आला तर दोष मधल्या नळीचा, तिथेही नाही आला तर टाकीचा. ज्या गावात गोबरगॅस आहे त्या गावात अशी एक फळी असायलाच हवी असं मला फार वाटतं. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ ज्या वर्ध्यात उभा राहिला, त्या संघाचं काम पाहणाऱ्या कुमारप्पांनी मगनवाडीत जिथे गावच्या साधनांची पारख केली, देवेंद्रकुमारांनी १९७६ साली जिथे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं, त्या जिल्ह्यात संयंत्रं बांधण्याची विद्या जितकी गाजली तितकी ती तपासण्याची विद्या घराघरांत पोचली नाही, याची खंत वाटते.

टाकीत दोष ठरला तर प्रथम ती मोकळी आहे का पाहावी. काल्यावर वाळलेल्या साईचा जाड पापुद्रा धरला की टाकी त्यात अडकते, तिचं वजन गॅसवर पडत नाही. टाकी रोज थोडी फिरवली तर पापुद्रा मोडतो. लोखंडी टाकीला गंजून सुईएवढं भोक पडलं असेल तर साबणाचा फेस लगेच दाखवतो. फायबरची टाकी गंजत नाही पण हलकी असते. तिच्यावर वजन ठेवावं लागतं, आणि ते कुणी घरकामासाठी उचलून नेलं की शेगडी मंदावते.

घुमटाच्या संयंत्राची रीत वेगळी. १९८४ साली आलेल्या दीनबंधू नमुन्यात तरंगती टाकीच नाही. साठलेला गॅस काल्याला बाहेरच्या कोठीत ढकलतो आणि त्या काल्याची उंची दाब देते. गॅस वापरला की उंची उतरते, दाबही उतरतो. त्यामुळे सकाळी जोरात आणि स्वयंपाक संपता संपता मंद, हा त्याचा बिघाड नव्हे, स्वभाव आहे. त्याचा खरा शत्रू आपली जमीन. वर्धा जिल्ह्यातली काळी, भारी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या ओढाताणीत घुमटाला बारीक तडा गेला तर गॅस मुकाट्यानं निघून जातो. बांधतानाच खड्ड्याभोवती मुरूम भरून घेतला तर हे पुष्कळ टळतं. नंतरची दुरुस्ती गवंड्याची, आणि तीही संयंत्र पूर्ण रिकामं करून, हवा खेळवून. काल्याच्या विहिरीत कुणीही, कोणत्याही कारणानं, घाईनं उतरू नये. तिथला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही, आणि वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही.

गॅस येतो, पण जळत नाही

चांगल्या गोबरगॅसमध्ये ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. मिथेन निम्म्याच्या बराच खाली गेला की ज्योत टिकत नाही. नव्या संयंत्रात पहिले दोन-तीन आठवडे असंच होतं. आधी आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात, त्या आम्लातून मिथेन करणारे जिवाणू मागून सावकाश येतात. पहिला गॅस म्हणून मोकळा सोडून द्यायचा. त्यात हवाही मिसळलेली असते, त्यामुळे तो संयंत्राच्या तोंडाशी पेटवून पाहणं तर अजिबात नको.

चालत्या संयंत्रात हे घडलं तर या दोन जिवाणूंमधला तोल गेला आहे असं समजावं. काल्याला आंबूस वास येतो, फेस येतो, लिटमस कागद लाल होतो. कारणं थोडीच असतात. एकदम जास्त भरणा केला, लग्नकार्यातलं उरलेलं अन्न ओतलं, किंवा जिवाणूंना विष घातलं. अन्नाचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेनं खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र तयार केलं, त्याला २००६ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. म्हणजे अन्नातून गॅस उत्तम मिळतो. पण पिठूळ अन्न शेणापेक्षा फार वेगानं आंबतं, म्हणून ते मोजून आणि सवय लावतच द्यावं लागतं. विषाचा मुद्दा आपल्याकडे जास्त गंभीर आहे. कपाशीवर फवारणी केलेला पंप जिथे धुतला ते पाणी मिश्रणाच्या टाकीत गेलं, प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलेल्या गाईचं शेण घातलं, किंवा संडास जोडलेला असेल आणि तो फिनाइल-अ‍ॅसिडनं धुतला, तर मिथेनचे जिवाणू आधी मरतात. देहूचे डॉ. मापुसकर यांनी संडास आणि गोबरगॅसची सांगड आयुष्यभर घालून दाखवली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ती सांगड टिकायची तर संडास साध्या पाण्यानं आणि ब्रशनं धुवायला हवा.

उपाय धीराचा आहे. भरणा काही दिवस थांबवावा, चुन्याची निवळी थोडी थोडी द्यावी, आणि शेजारच्या चांगल्या चालणाऱ्या संयंत्रातली काही घमेली स्लरी आणून घालावी. तिच्यात हवे ते जिवाणू तयारच असतात.

थंडीही इथे हात दाखवते. या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपास सुखाचं असतं. काला २० अंशांखाली गेला की त्यांचं काम बरंच मंदावतं. तेव्हा कालवायला उन्हात तापलेलं पाणी वापरणं, भरणा सकाळी गारठ्यात न करता दुपारी करणं, आणि संयंत्राभोवती तुराट्या-कडब्याचं पांघरूण रचणं उपयोगाचं असतं. पण थंडीनं मुख्यतः गॅस कमी होतो. टाकी वर असून शेगडी पेटत नसेल तर थंडीला दोष देण्यापूर्वी झोळ तपासावा.

शेगडी, गिझर आणि परदेशातली भट्टी

शेगडीतला दोष सर्वांत सोपा, आणि म्हणूनच तो शेवटी पाहायचा. एक घनमीटर मिथेन जळायला साडेनऊ घनमीटर हवा लागते. ६० टक्के मिथेनच्या गोबरगॅसला पावणेसहाच्या आसपास. सिलिंडरच्या गॅसला पंचवीस ते तीस. शिवाय सिलिंडरच्या गॅसमध्ये घनमीटरमागे उष्णता चार-पाच पट. म्हणून सिलिंडरच्या शेगडीचा बारीक जेट गोबरगॅसला अपुरा पडतो आणि तिची हवा जास्त होते. कार्बन डायऑक्साइडमुळे गोबरगॅसची ज्योत सावकाश सरकते, सेकंदाला सुमारे २५ सेंटिमीटर. शुद्ध मिथेनची ४० च्या आसपास. जास्त हवेच्या झोतापुढे ती टिकत नाही, उचलली जाते. गोबरगॅससाठी वेगळी शेगडी असते, भारतीय मानक ८७४९ ची, तीच वापरावी. तिच्यात हवेची झडप प्रथम बंद करून पेटवावी, मग ज्योत निळी होईपर्यंत उघडत न्यावी. मिश्रणनळीत कोळ्यानं घर केलं असेल किंवा हायड्रोजन सल्फाइडनं पितळी जेटवर काळा थर धरला असेल तर तो काढावा. पण तार घालून जेटचं भोक मोठं करू नये.

हीच त्रिविध विभागणी इतर साधनांनाही लागू पडते, म्हणून तिच्यावर माझा विश्वास आहे. गॅस गिझर घ्या. नळ सोडल्यावर टिकटिक ठिणगीच ऐकू येत नसेल तर सेल उतरले आहेत किंवा पाण्याचा दाब कमी आहे. टिकटिक आहे, ज्योत नाही, तर गॅस येत नाही. ज्योत येऊन दोन-चार सेकंदांत जाते, तर ज्योत ओळखणारी कांडी काजळली आहे किंवा न्हाणीघरात हवा पुरत नाही. या शेवटच्या शक्यतेत गिझर पुन्हा पुन्हा चालू करू नये; बंद न्हाणीघरातल्या कार्बन मोनॉक्साइडनं माणसं मेली आहेत. टोरांटो-शिकागोकडच्या मराठी घरांत हिवाळाभर चालणारी गॅसभट्टीही याच क्रमानं तपासतात. आधी धूर ओढणारा पंखा, मग दाबाचा स्विच, मग तापणारी कांडी, मग गॅसची झडप, शेवटी ज्योतीची ओळख. आणि नव्या जास्त कार्यक्षम भट्ट्यांत न पेटण्याचं एक नेहमीचं कारण कोणतं? ज्वलनातली वाफ थंड होऊन झालेलं पाणी निचऱ्याच्या नळीत तुंबतं, दाबाचा स्विच लागत नाही आणि भट्टी गॅस सोडायलाच नकार देते. हिंगणीच्या झोळातलं पाणी आणि ते पाणी यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही.

दुरुस्ती नसलेली एक अवस्था

सगळं तपासलं, नळी कोरडी, काला निरोगी, शेगडी स्वच्छ, तरी शेगडी संध्याकाळी पेटत नाही. टाकी वर येतच नाही. इथे हिशेब शेणाचा करावा लागतो. एक किलो ताज्या शेणातून अनुकूल हवेत सुमारे ४० लिटर गॅस निघतो, आणि घरगुती बर्नर तासाला ४५० लिटरच्या आसपास खातो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण हवं, म्हणजे दिवसाला दहा किलो देणारी पाच जनावरं. ज्या दिवशी बैलजोडी विकून ट्रॅक्टर भाड्यानं लावला आणि गोठ्यात दोन गाई उरल्या, त्या दिवशी शेण झालं २० किलो. त्या गवळाऊ जातीच्या गाई दिवसभर रानात चरायला जात असतील तर अर्धं शेण रानातच पडतं. हाती येतं १० किलो. त्यातून मिळतो ४०० लिटर गॅस, एका बर्नरला तासाभरापेक्षा कमी. थंडीत त्याहूनही कमी. अशा घरात मिस्त्रीला पुन्हा पुन्हा बोलावून काही निघणार नाही. शेजारच्या गोठ्यातलं शेण स्लरीच्या बदल्यात घेण्याचा करार करावा, आणि तो जमला नाही तर मोठं संयंत्र बंद करून २५ किलो शेणाचं, एक घनमीटरचं नवं बांधावं. त्यालाही १० किलो पुरत नाही, म्हणून गाई निदान अर्धा दिवस गोठ्यात बांधून वैरण घालण्याची तयारी आहे का, हे आधी घरात बोलून घ्यावं.